वाफवलेली सायकल

ती. सिल्वीताईस,

धाकट्या उर्पोचा (चिखल धुऊन, स्वच्छ हातांनी केलेला) नमस्कार. गुडघे कसे आहेत? ट्रॅक्टर कसा आहे? (ट्रॅक्टरची चौकशी सहज केली, गैरसमज नसावा.) ख्रिसमसला तू दिलेला हिल्लाचा मुरंबा आत्ता कुठे संपला. बाजारातला म्हणून ठीक होता, पण आई दलदलीतून आणायची त्या फळांची सर त्याला नाही.

तर झालं असं, की सरपणाच्या खोपटात माझी जुनी माउंटन बाइक सापडली. साखळी गंजून तिची सळई झालेली आणि सीटचा दांडा असा चिकटलेला, की तेल, हातोडी, शिव्या सगळं करून झालं तरी ढिम्म. म्हटलं, गरम केला तर सुटेल. आणि गरम करायला आपल्याकडे जागा एकच. शनिवारी सायकल सौनाच्या वाफेत नेली. शेजारचा ताउनो नेहमीप्रमाणे टॉवेल घेऊन आला, तिच्याकडे एकदा बघितलं आणि वरच्या बाकावर तिच्याशेजारी अंग चोरून बसला. मी दगडांवर पाणी ओतत होतो, तो आधी स्वतःला आणि मग सायकलला बर्चच्या डहाळ्यांनी झोडपत होता, आणि दांडा सुटला की गं! माझी बायको हेल्का मात्र म्हणते, यापुढे सौनात एक तर सायकल जाईल नाहीतर मी. (अजून उत्तर दिलेलं नाही.)

मग रोज जंगलात चकरा सुरू झाल्या. ब्रेक एकच, तोही मर्जी असेल तर लागणारा. पण ताई, पाइनच्या मुळांवरून धडधडत जाताना इतका आनंद व्हायचा, की मी एकटाच मोठ्याने हसायचो. परवा बादली हँडलला अडकवून हिल्ला वेचायला आईच्या 'त्या' जागी निघालो. कुठली ते विचारू नकोस. आईने जाताना फक्त माझ्या कानात सांगितली आणि शपथ घातली. उतारावर ब्रेकची मर्जी नव्हती. सायकल आणि मी, दोघे दलदलीत, कमरेपर्यंत.

हेल्काला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"जंगलात."

"कुठल्या?"

"झाडं आहेत त्या."

बचाव पथकाला बोलावते म्हणाली. मी नको म्हटलं, तीही माणसंच, त्यांनाही हिल्ला आवडतात. तेवढ्यात ताउनोने फोन घेतला. "उर्पो, नुसती दिशा सांग. मी बादली आणत नाही."

बादलीचं नाव यानेच का काढावं? फोन बंद केला. एका पाइनचं मूळ धरून कसाबसा बाहेर आलो. फांदीला चिखलाने माखलेला जुना मग अडकला होता, तोही उचलला. ताउनोला दिशा कळू नये म्हणून अख्ख्या तळ्याला वळसा घालून उलट्या बाजूने घरी आलो. सायकल तिथेच आहे, जरा जरा खाली जाते आहे. ती गेली तर मला फार लागेल.

तुझा,
उर्पो

ता. क. ट्रॅक्टर आणि जाड दोर घेऊन लगेच ये. चालव तूच (मला तू हात लावू देत नाहीस), पण डोळ्यांना पट्टी बांधून. मी शेजारी बसून डावं-उजवं सांगेन.

ता. क. २. हेल्काने आत्ता तो मग घासला. त्याच्या कानाला तांब्याची तार निघाली. लहानपणी तू तुझ्या मगाचा कान तोडलास म्हणून बाबांनी बांधून दिली होती, तीच. तुलाही आई "फक्त तुलाच सांगते" म्हणाली होती ना?

पट्टी राहू दे. सरळ तिथेच ये. आणि येताना त्या 'बाजारातल्या' मुरंब्याची अजून एक बरणी आण. चांगला होता.