मळखाऊ रंग

आई, काल तुझ्या मुलाचा फोन आला होता. अण्णा न्हाणीत घसरून पडले, हाड मोडलं नाही, पण आता चाकूरच्या घरात त्यांना एकटं ठेवता येणार नाही, असं त्यानं मला सांगितलं. मला ते माहीत होतं. पडल्या दिवशी नांदेडहून मीच धावत गेले होते. मग तो म्हणाला, पुण्यातलं घर लहान, बायकोची नोकरी, पोरीची दहावी. माझं काय, मी एकटी आणि दोन खोल्या. "आतल्या खोलीतला तुझा तो मासेटँक काढून टाक, अण्णांची खाट बरोबर बसते तिथं." त्यानं विचारलं नाही, सांगितलं. वर त्यानं तुझं वाक्य ठेवलं. "आई म्हणायचीच ना अक्का, हिला काय होतंय." आणि हसला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या साड्यासुद्धा कुणाकुणाला देऊन झाल्या, हे वाक्य मात्र तसंच राहिलं आहे. म्हणून लिहिते.

आपला पत्र्याचा कूलर आठव. त्यात पाणी भरायचं काम माझं होतं. हौदावरून बादल्या आणायच्या, गवताच्या ताट्या भिजवायच्या, मग बटण दाबायचं. समोर तुझ्या मुलाची खाट, कारण त्याच्या अंगावर घामोळं उठायचं. मी कूलरच्या मागे, बोळीत. कूलर पुढं गार वारा सोडतो आणि मागची हवा ओढून घेतो. मागे निजणाऱ्याच्या वाट्याला नुसती घरघर येते. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, पोरीला तरी पुढं घे की गं. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तिला काय होतंय. लई घट हाय ती." मी उंबऱ्यात उभी राहून ते ऐकते आहे आणि मला ते कौतुक वाटतं आहे. पुढचे कित्येक उन्हाळे मी त्या कौतुकावर काढले. आज सगळ्यात जास्त चीड मला त्याचीच येते.

लातूरला गोलाईतल्या कापडाच्या दुकानात आपण दिवाळीआधी जायचो. त्याच्यासाठी तू ठाण पुन्हा पुन्हा उलगडायला लावायचीस. माझी पाळी आली की एकच वाक्य: मळखाऊ दाखवा. कॉफी, मातकट, चॉकलेटी. ज्यावर डाग दिसत नाही, जे रोज धुवावं लागत नाही. एका वर्षी मी राणी रंगाच्या कापडावर हात ठेवला. दुकानदारानं ते माझ्या खांद्यावर टाकून पाहिलं. म्हणाला, वैनी, लेकराला आवडलंय बघा. तू ते माझ्या खांद्यावरून काढलंस, घडी घातलीस आणि दुकानदाराला म्हणालीस, "ह्या लेकराला समदं चालतंय." तो फ्रॉक चॉकलेटी होता. तो विटला नाही, फाटला नाही. दोन वर्षं त्यानं माझी पाठ सोडली नाही.

आता टँकचं सांगते. तो मासेटँक नाही. त्यात दोनच मासे आहेत. बाकी प्रवाळ आहे, जिवंत. तुला पोवळं माहीत आहे ते मंगळसूत्रातलं, ते मेल्यावरचं. हे पाण्यात तोंडं उघडतं, मिटतं. मी ते का ठेवलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कॉलेजातल्या नोकरीवरून परत आल्यावर कुणी तरी उघडमीट करत असलेलं बरं वाटतं, एवढंच. हैदराबादचा एक माणूस घरीच प्रवाळ वाढवतो आणि तुकडे विकतो. दगडासारखं कडक प्रवाळ घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून तो मऊ जातीच ठेवतो. मी त्याच्या घरी गेले. निळ्या उजेडात सगळं ओळीनं मांडलेलं. गवतासारखं हिरवं, चामड्याच्या छत्रीसारखं, आणि बटणांएवढी तोंडं असलेला एक पुंजका, राणी रंगाचा. मी त्यावरच बोट ठेवलं. तो म्हणाला, "अच्छा चुना मॅडम. हार्डी है. कहीं भी रख दो, इसको कुछ नहीं होता."

मला तिथंच उठून यायला हवं होतं. मी पैसे दिले आणि थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आले. त्यानं सांगितलं होतं तसंच मांडलं. दिव्याखालची जागा एका नखरेल जांभळ्या प्रवाळाला दिली, ज्याला पाणी जरा गरम झालं की अंग टाकायची सवय. मे महिन्यात मी त्याच्यासाठी पंखा लावला, लाइट गेली तर चालावा म्हणून इन्व्हर्टर घेतला. बटणं खाली, दगडाच्या आडोशाला. ती मेली नाहीत. रोज उघडत होती, पसरतही होती. फक्त रंग जात गेला. आधी फिकी झाली, मग विटकरी, मग चहाच्या चोथ्यासारखी. प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ उजेडावर अन्न करतं. उजेड कमी पडला की तेच शेवाळ वाढत जातं आणि वरचा रंग बुडतो. हे मी नंतर वाचलं. आधी त्या माणसाला फोन केला होता. त्यानं शांतपणे विचारलं, "मरा तो नहीं ना?"

नाही, मेलं नाही. आई, तुझाही हिशोब एवढाच होता. मेली नाही ना. ताप आला तरी दळण घेऊन गेली, मेली नाही. त्याच्या शिक्षणासाठी पुण्याला खोली केली, हिला नांदेडचं वसतिगृह, मेली नाही. जो टिकतो त्याला उजेड लागत नाही, हे तुला कुणी सांगितलं होतं? चिवटपणा हा माझा गुण तू म्हणत राहिलीस आणि दर वेळी त्याच्या नावावर माझं काहीतरी काढून घेतलंस. लातूरच्या दवाखान्यात तुझ्या खाटेशी मी होते. तुझं अंग मी पुसलं, तुझे केस मी विंचरले. तू दाराकडे बघत त्याची वाट बघत होतीस. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, पोरगी लई करते वो तुमची. तू म्हणालीस, "हाव. रडत बी न्हाई बघा." मी बाहेर जाऊन रडले नाही. तेवढंही तू माझ्याजवळ ठेवलं नव्हतंस.

बटणं मी वर आणली. एकदम वर आणली तर पोळतात, म्हणून आठवड्याला बोटभर. आता कडेला राणी रंगाची एक रेघ उमटली आहे, बघावी लागते तेव्हा दिसते अशी. ती खोली मी रिकामी करणार नाही, हे मला काल फोन कानाला असतानाच कळलं. आज संध्याकाळी मीच त्याला फोन लावला. म्हटलं, मला जमत नाही. तो म्हणाला, म्हणजे? मी तेच पुन्हा म्हटलं. हे वाक्य आपल्या घरात माझ्या तोंडून कुणी ऐकलेलंच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, शनिवारी गाडी घेऊन येतो, नेतो त्यांना.

मग अण्णांचा फोन आला. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "जातो की पुण्याला. तिथं बी माझंच घर हाय. तुला तरी किती लावायचं, बाई." असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी फोन ठेवून टँकसमोर बसले. दिवे मालवायची वेळ झाली होती, तोंडं मिटत होती.

हा कागद टँकखालच्या कपाटात, त्याच्या पाण्यात घालायच्या मिठाच्या पिशवीमागे ठेवते. तुझ्या मुलाला मी जे सांगितलं, ते खरं नव्हतं. खाट भिंतीला लागली असती, टँकही राहिला असता, मी अण्णांचं सगळं केलं असतं आणि मला काही झालं नसतं. जमलं असतं, आई. हे फक्त तुला सांगते.