कंपल्सरी प्रसाद

श्रावण पौर्णिमा, ओतूर

माझ्या रोपांच्या नर्सरीत आज सत्यनारायण झाला. कामावरच्या बायांना कालच बजावलं होतं, "उद्या पूजेला यायचं, कंपल्सरी!" माझा लाडका शब्द. चहा कंपल्सरी, पावण्यांना मुक्काम कंपल्सरी. आग्रहच तर करतो मी, दुसरं काय?

रोपांचे ट्रे भरणारी सुनीता मागं उभी होती. प्रसाद देताना म्हणालो, "हात पुढं कर बाई, कंपल्सरी हाये!" सगळे हसले. तीही हसली.

मग पत्र्याआडून तिचाच आवाज आला. सोबतिणीला सांगत होती, "आज विहारात वाचायची पाळी माझी व्हती गं. पण शेट कंपल्सरी म्हणले. न्हाई कसं म्हणू?"

माझे कान तिखट, त्यांचा आज राग आला. ती बौद्ध, पौर्णिमेला विहारात त्यांचं वाचन असतं, हे मला ठाऊक नव्हतं? होतं की. आणि ते हसणं... दुसऱ्याच्या मळ्यात मजुरीला होतो तेव्हा मालकाच्या विनोदाला मीही असाच हसायचो.

उद्या तिला काय सांगू? "पुढच्या पौर्णिमेला विहारात जा," म्हणालो तर तोही हुकूमच. "चुकलो," एवढंच म्हणेन.

आणि त्यावरही ती तशीच हसली तर?