गौरीपुढचं कापड

१६ मार्च, शनि.
सकाळी चहाला ताईंनी जाहीर केलं, यंदा चैत्रगौर बसवायची नाही. "हात नाही तर चैत्रांगण कोण काढणार? आणि त्याच्याशिवाय गौर म्हणजे..." पुढचं बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर उजवी बाजू गेली तेव्हापासून वाक्यं अशीच अर्धी सोडतात. जीभ शाबूत आहे, मन लागत नाही. हे पेपरात डोकं घालून बसले. वहिनींचा, म्हणजे ताईंचा, सूर बदलला की यांना हमखास पेपर सापडतो.

या घरात आले तेव्हापासून चैत्रभर रोज सकाळी गौरीपुढे ताईंची रांगोळी बघत आले. मखरातली गौर, तुळस, गाय, हत्ती, शंख, कोयऱ्या, सूर्य-चंद्र. मोठ्या जाऊ असून कधी सासुरवास केला नाही, पण रांगोळीत बोटही घालू दिलं नाही. त्यामुळे मला येत नाही. आणि आता शिकायचं म्हटलं तर गुडघे वाकत नाहीत. घरात दोन बायका, मिळून एक रांगोळी होत नाही.

१९ मार्च, मंगळ.
बबीनाच्या लष्करी छावणीतून प्रिया आली होती. नवरा पलटणीत, माहेर सांगली. या हिंदी मुलखात मराठी बोलायला मिळतं म्हणून येते बिचारी. पिशवीत नवीन खेळ, पंच नीडल. जाड पेनासारखी पोकळ सुई, आतून लोकर. रिंगमध्ये ताणलेल्या मॅटीच्या कापडावर मागच्या बाजूने टोचत जायचं, पुढे लोकरीचे मऊ मऊ फंदे, छोटे वेढे, उठतात. गाठ नाही, काही नाही. टोक ओढलं की सगळं सरसर बाहेर. तिने पिवळी फुलं केली होती, "स्प्रिंग थीम" म्हणे.

आपला स्प्रिंग म्हणजे चैत्रांगण, असं एकदम मनात आलं. एकदा कापडावर करून ठेवलं की दर चैत्रात अंथरायचं. ताईंना हात नको, मला गुडघे नकोत.

प्रिया म्हणाली, "काकू, मागून करतो ना आपण, म्हणून पुढे उलटं येतं. अक्षर असेल तर आरशात दिसतं तसं काढा." मी म्हटलं, जन्मभर मुलांना भूमिती शिकवली गं, मला आरसा शिकवू नको.

२० मार्च, बुध.
सदर बाजारातल्या दुकानात लोकर घेतली. "अब ऊन को ले रओ, दीदी? गरमी आ गई।" उन्हाळ्यात लोकर कोण घेतं, असं दुकानदाराचं म्हणणं; माल बांधून माळ्यावर गेलेला. उतरवायलाच लावला. हिरवा मनासारखा नाही, शाळेच्या स्वेटरचा घेतला. तुळस काळपट होणार.

ताईंना आत्ताच सांगायचं नाही. झालं की दाखवू.

२५ मार्च, सोम. धुळवड.
बाहेर गोंधळ, आत मी टोचत बसलेली. सुई उचलायची नसते, सरकवायची असते, हे हाताला कळायला चार दिवस गेले. खुर्चीच्या पायाखाली लोकर अडकली नि गाईची अख्खी पाठ निघून आली.

तेवढ्यात ताई दारात. "काय चाललंय?" सांगितलं. फार उत्साहाने सांगितलं, तिथेच चुकलं.
"म्हणजे माझी सोय लावलीस," म्हणाल्या. "मी मेले नाही अजून."
मी म्हटलं, ताई, असं कोण म्हणतंय. पण काठी टेकत गेल्यासुद्धा.

आधी वाईट वाटलं. मग राग आला. भांगेच्या थंडाईने तरी बरं वाटतं का बघावं, पण ती यांनी संपवलेली.

३० मार्च, शनि.
अबोला. त्यांचा नि माझाही. जेवण खोलीत मागवतात. यांना मध्ये निरोप्या केलंय, "वहिनींना वरण पातळ हवं होतं", "वहिनी म्हणतात पंखा कमी कर". या वयात ही हमाली शोभते त्यांना.

तरी करतेच आहे. कोणासाठी, असं विचारलं तर सांगता येणार नाही. त्यांनी गौरच बसवली नाही तर कापड काय खिडकीला लावू? मखराचं काम किचकट. ॐ मात्र आरशातला काढला नि पुढे झकास सुलट उमटला. स्वतःवर खूश.

५ एप्रिल, शुक्र.
संपलं. जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवलं होतं, मुद्दामच. ताई आल्या. बराच वेळ उभ्या. डावा तळवा सगळ्या फंद्यांवरून फिरवला. मला वाटलं, विरघळल्या.
"स्वस्तिक उलटं आहे," म्हणाल्या. "हे घालणार गौरीपुढे?"

बघते तर खरंच. अक्षर म्हणून ॐ तेवढा आरशातला काढला. स्वस्तिकाला चित्र समजले. गाय उलटं तोंड करून उभी राहिली तर कुणाचं काही जात नाही, पण स्वस्तिक!

हे म्हणाले, "मागची बाजू वर कर की." केली. तिथे स्वस्तिक सुलट आणि ॐ उलटा. मी हसले, मग रडू आलं. कापड गुंडाळून कपाटावर टाकलं. पुरे झालं.

९ एप्रिल, मंगळ. पाडवा.
गुढी, श्रीखंड, सगळं रीतीने. परवा तृतीया. गौरीबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. तिच्या कपाटाची किल्ली ताईंकडे.

दु. उठले तर ताईंच्या खोलीचं दार उघडं. कापड त्यांच्यापाशी. कपाटावरून कुणी काढून दिलं? हे पेपर वाचत होते, यात सगळं आलं. रिंग गुडघ्यांत दाबून धरलेली, डाव्या हाताने स्वस्तिकाची लोकर ओढून काढत होत्या.
"उकलायला डावा पुरतो," माझ्याकडे न बघता म्हणाल्या.
मी सुई ओवून शेजारी ठेवली.
"बघत उभी राहू नकोस."

सं. स्वस्तिक झालेलं. चारही हात चार लांबीचे, फंदे कुठे उंच कुठे बसके. पण सुलट.

१० एप्रिल, बुध.
सकाळी चहा घेऊन गेले. गाय नाही. तुळस नाही. शंख, कोयऱ्या, ॐ, काही नाही. पलंगावर लोकरीचा ढीग आणि ताई मखर उकलताहेत.
माझा चेहरा बघून थांबल्या. "तुझं वाईट नव्हतं. पण माझं नव्हतं ते. मी भरेन हळूहळू. अक्षय्यतृतीयेपर्यंत गौर बसलेली असते."

माझं असतं तर काय बिघडलं असतं, अगदी ओठावर आलं होतं. मान मोडून केलेलं काम. वाईट वाटलं, खूपच वाटलं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ताई किती दिवसांनी पूर्ण वाक्यं बोलताहेत. शेजारी बसून लोकर गुंडाळली. मॅटीवरची भोकं नखाने घासली की बुजतात, तेही केलं.

एका स्वस्तिकाला अख्खी दुपार गेली. सगळं भरून होणार कसं? यांना विचारलं. "तू कशाला हिशेब करतेस," म्हणाले. बरोबर आहे, मी कशाला करते.

११ एप्रिल, गुरु. तृतीया.
ताईंनी गौरीचं कपाट उघडलं. गौर बसली. हळदीकुंकवाला बायका येतील तेव्हा काय म्हणतील ते म्हणोत. पुढे कापड, त्यावर एक वाकडं स्वस्तिक, बाकी सगळं कोरं. आणि खालच्या कोपऱ्यात माझा हत्ती. तो तेवढा उकललेला नाही.

मी बघत होते ते ताईंनी पाहिलं. "राहू दे तो," म्हणाल्या.
आवडला म्हणून, की हात दमला म्हणून, कळलं नाही.