दुसऱ्या मजल्याचं नवं क्षितिज

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.२०

संकल्प: आजपासून रोज रोजनिशी. कंपनीसाठी एकोणीस वर्षं लिहिलं, स्वतःसाठी चार ओळी नाहीत. आमची कंपनी पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवते. कर्मचाऱ्यांना कंपनीबद्दल जे काही गोड सांगायचं असतं ते मी लिहितो. दारावर पाटी आहे: 'प्रमुख, अंतर्गत संवाद'. विभागात मी एकटाच, पण प्रमुख.

थोरले साहेब गेल्या महिन्यात निवृत्त झाले. माझ्या मजकुरावर त्यांचा जीव. वाचायचे नाहीत, पण जीव. त्यांच्या जागी नव्या बाई आल्यात. आज पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी माझं स्वागतपर निवेदन मध्येच थांबवलं आणि विचारलं, की यात मुद्दा कुठे आहे. स्वागतात कसला आलाय मुद्दा? तरी हसलो. नव्या माणसाला रुळायला वेळ द्यावा लागतो.

४ मार्च

बाईंनी एकट्याला बोलावलं. मोठी कामगिरी. दुसऱ्या मजल्यावरचा ग्राहक तक्रार विभाग ३१ तारखेला बंद. तक्रारींना यापुढे कॉम्प्युटरच उत्तरं देणार. तिथल्या अकराही जणांना दुसऱ्या शहरातल्या शाखेत जागा आहे, पण त्यासाठी २० तारखेला संध्याकाळी पाचच्या आत फॉर्म भरायचा. न भरणाऱ्याने राजीनामा दिला असं धरणार. बाई म्हणाल्या, हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि आजच सांगा.

अकरा जणांत माझा मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ. मीच चिकटवलेला.

अशी बातमी माणसाच्या अंगावर फेकायची नसते. आधी मऊ करून घ्यावी लागते. बाईंना हे शास्त्र ठाऊक नाही. आज फक्त शीर्षक जमलं: 'नव्या क्षितिजाकडे'.

५ मार्च. दुपारी ४

पत्र तयार. सहा परिच्छेद. 'बंद' हा शब्द एकदाही नाही! 'राजीनामा' औषधालाही नाही. तारीखसुद्धा शेवटच्या परिच्छेदात, अलगद: 'विसाव्या दिवसाचा सूर्य कलण्याआधी'. फॉर्मच्या लिंकवर लिहिलं, 'आपलं पहिलं पाऊल इथे टाका'.

एचआरवाल्याने विचारलं, की बाईंनी हे वाचलंय का. याला आम्ही नियमावली म्हणतो, तोंडावर नाही. बाई आठवडाभर कारखान्यावर आहेत. त्याला म्हटलं, अरे बाबा, वाचायचं काय त्यात, मी लिहिलंय. थोरल्या साहेबांच्या वेळी असंच चालायचं. पाठवून दिलं.

कारकिर्दीतलं सर्वांत हळुवार पत्र.

६ मार्च

दुसऱ्या मजल्यावरून बोलावणं. लिफ्ट सोडून जिन्याने गेलो, तेही सावकाश.

वर फुगे. केक. विभागाचे साहेब जेवतानाही गळ्यातला हेडफोन काढत नाहीत, म्हणून सगळे त्यांना हेडफोनकाका म्हणतात. त्यांनी मला मिठीच मारली. म्हणाले, आजवर लोकांच्या शिव्याच खाल्ल्या, आमच्याबद्दल असं कुणी लिहिलं नव्हतं हो. आता विभाग वाढतोय म्हणजे कष्टाचं चीज झालं. मेहुण्याने केकचा पहिला तुकडा मलाच भरवला.

सांगणार होतो. पण तोंडात केक होता.

शांतपणे विचार केला तर हे यशच आहे. टोन शंभर टक्के पोहोचलाय. आशय मागून येईल.

७ मार्च

सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही होतात म्हणून पोराचं भलं झालं. बायकोनेही सकाळपासून एकही टोमणा मारला नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, असा दिवस विरळा. आत्ता खुलासा करणं म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकणं. सोमवारी बघू.

१० मार्च, सोमवार

बाई परतल्या. पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आवडलं. त्यांनी नियमावलीला विचारलं, फॉर्म किती आले. तो म्हणाला, एक. मला हायसं वाटलं. मग म्हणाला, तो हेडफोनकाकांचा आहे, आणि 'बदलीस संमती आहे का' या रकान्यात त्यांनी 'अप्रतिम! असेच लिहीत राहा' असं लिहिलंय.

मी म्हटलं, नियमावलीनेच का नाही सांगत वर जाऊन. तो म्हणाला, नियमाप्रमाणे सूचना संवाद विभागाकडूनच जाते. बाई म्हणाल्या, तुमचं काम आहे, वर जा आणि तोंडाने सांगा.

तोंडाने! मग भाषेची पदवी कशाला घेतली होती मी?

११ मार्च

जाणार होतो. घसा बसला. मला नेमकं एसीच्या तोंडाखाली बसवलंय, तीनदा लिहून दिलं, कुणी दखल घेतली नाही. संध्याकाळी आवाज सुटला, तोवर वरची मंडळी घरी गेली होती.

१२ मार्च

नुसतं बोलणं पोरकट दिसेल. स्लाइड्स हव्यात. करायला बसलो तर लॅपटॉप अपडेट व्हायला लागला. दीड तास पडद्यावर एक गोल फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. आणि म्हणे माणसांच्या जागी कॉम्प्युटर आणणार! इतकी चीड आली की डबासुद्धा धड खाल्ला नाही.

१३ मार्च

अखेर बोललो. चाळीस मिनिटं, सव्वीस स्लाइड्स. सुरवंट, फुलपाखरू, बंदर सोडणारं जहाज. मुद्दा चोविसाव्या स्लाइडवर होता, पण अठराव्यालाच टाळ्या पडल्या. टाळ्यांनंतर बोलत राहणं म्हणजे रंगाचा बेरंग. एका मुलीने विचारलं, सर, यात आम्ही सुरवंट की फुलपाखरू? म्हटलं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिने ते लिहून घेतलं.

बाईंनी विचारलं, सांगितलं? म्हटलं, विषयाला स्पर्श केला. फॉर्म शून्य. काकांचाही नियमावलीने बाद केलाय.

१४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मेहुणा आला. दुसऱ्या एका कंपनीतून नोकरी आलीय त्याला. इथेच, याच शहरात. सोमवारी उत्तर द्यायचंय. विचारत होता, भावोजी, तुम्हाला आतलं सगळं माहीत असतं, सांगा ना, थांबू का जाऊ?

याला म्हणतात नशीब. देव देतो तो असा. एक शब्द पुरे होता.

मी म्हटलं, आपल्या मूल्यांशी जे सुसंगत असेल ते कर. संस्था आपल्या माणसांना विसरत नसते. तो म्हणाला, समजलं, भावोजी. माझा हात घट्ट दाबून गेला.

पोरगा हुशार आहे. कळलं असेल त्याला.

१७ मार्च, सोमवार

नाही कळलं. त्याने ती नोकरी नाकारली. पेढा देतात तशा थाटात मला येऊन सांगितलं.

डोकं भणाणून गेलं. माणसं वाचत नाहीत, वाचलं तर समजून घेत नाहीत, आणि समजलं नाही तर विचारतही नाहीत. स्वतःचाही राग आला, पण थोडा. दुपारी तातडीने दुसरं पत्र: 'नव्या क्षितिजाकडे: काही स्पष्टता'. पहिल्यापेक्षा दोन परिच्छेद मोठं. उत्तरादाखल अकरा अंगठे आले.

१८ मार्च

फॉर्म शून्य. बाई म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत तर मी स्वतः वर जाईन. आवाज चढवला नाही. थोरले साहेब निदान ओरडायचे तरी, माणसाला आपलं वाटायचं.

संकल्प: उद्या सकाळी साडेनऊला वर. काहीही झालं तरी. पहिलं वाक्य पाठ केलं: 'मित्रहो, परिवर्तन हा जीवनाचा स्थायीभाव आहे.'

१९ मार्च. सकाळी ८.५०

मी आंघोळीला गेलो आणि साडेनऊची आठवण करून द्यायला नियमावलीचा फोन आला. बायकोने उचलला. त्या गाढवाने नियमाप्रमाणे सगळं सांगून टाकलं.

बाहेर आलो तर दारातच उभी. विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? म्हटलं, अगं, ही एक टप्प्याटप्प्याने उलगडणारी प्रक्रिया आहे. ती म्हणाली, तारीख सांगा. म्हटलं, चार. ती म्हणाली, म्हणजे त्याने ती नोकरी नाकारली तेव्हाही माहीत होतं.

मी टॉवेल नीट केला.

तिने माझ्यासमोरच भावाला मेसेज लिहिला. जसाच्या तसा उतरवतो: 'तुमचा विभाग ३१ला बंद होतोय. उद्या पाचच्या आत तो फॉर्म भर, दुसऱ्या शाखेत जागा मिळेल. नाही भरलास तर नोकरी गेली. सगळ्यांना सांग.' म्हटलं, थांब, निदान सुरुवातीला 'सस्नेह नमस्कार' तरी घाल. तोवर गेला होता.

१९ मार्च. दुपारी

ऑफिसला पोहोचलो तर अकरा फॉर्म आलेले. साडेनऊच्या आत. वर जायची गरजच उरली नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणी फोन उचलत नाही म्हणे, नुसते वाजतात.

लिफ्टमध्ये हेडफोनकाका भेटले. गळ्यात हेडफोन नव्हता. म्हणाले, साहेब, एवढंच सांगायचं होतं तर सांगता येत नव्हतं का? म्हटलं, सांगितलं होतं काका, सहाव्या परिच्छेदात. ते एक मजला आधीच उतरले आणि जिन्याने गेले.

२० मार्च

बाईंपर्यंत तो मेसेज पोहोचलाय. मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, हा कुणी लिहिला? म्हटलं, आमच्याकडून गेला. यात खोटं काहीच नाही. बाई म्हणाल्या, मला पहिल्या दिवशी एवढंच हवं होतं, चार वाक्यं.

मग विचारलं, तुमच्या विभागात नेमकं काय काम चालतं. मी सविस्तर सांगितलं, पन्नास मिनिटं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. आता कुठे ओळखलं मला. माझ्या विभागात आणखी एक माणूस घ्यायची मागणी चार वर्षं पडून आहे, ती बहुतेक मंजूर होणार.

२२ मार्च, शनिवार

बायको बोलत नाही. मेहुणा फोन घेत नाही. सासूबाईंनी फोनवर मला ओळखच दाखवली नाही, म्हणाल्या, तिच्याकडे द्या. पोरगा परगावी जाणार, मागे त्या एकट्या राहणार. हातातली नोकरी होती, घरापासून दहा मिनिटांवर. वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. त्याला एक पत्र लिहावंसं वाटतं, पण नको.

२४ मार्च

कामात मन रमवलं. नवी योजना: 'नेतृत्वाचा आवाज'. अडतीस पानं. बाईंना पाठवली. उत्तर आलं: 'पाहते.' एका शब्दात किती विश्वास!

२६ मार्च

नियमावली टेप घेऊन माझी केबिन मोजून गेला. मोठी करणार असं दिसतं. विचारलं तर नजर चुकवली. सरप्राइज असेल.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.५०

नियमावलीने हातात कागद दिला. तीन ओळी. 'तुमचं पद ३१ मार्चला बंद होत आहे. दुसऱ्या शाखेच्या नोंदणी विभागात हेडफोन...' नाही, त्यांचं खरं नाव होतं तिथे, '...यांच्या हाताखाली एक जागा आहे. हवी असल्यास सोमवारी पाचच्या आत सोबतचा फॉर्म भरा.'

सही बाईंची.

चार वेळा वाचलं. ओळींच्या मध्ये काही दडलंय का ते पाहिलं. काही नाही. पहिल्याच वाचनात सगळं समजलं होतं. सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. एकोणीस वर्षांच्या माणसाला निदान एखादा परिच्छेद?

२९ मार्च, शनिवार. सकाळी ११

बायकोला सांगायला हवं. असं एकदम सांगून चालणार नाही. मसुदा केला. पहिला फार भावुक झाला. दुसऱ्यात सूर जरा सरकारी लागला. तिसरा बरा होता, 'आपल्या सहजीवनाच्या एका नव्या वळणावर', पण वळण शब्दावर ती अडेल. चौथा लिहीत होतो तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली. विचारलं, काढलं का तुम्हाला?

हो म्हटलं.

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, फॉर्म कुठाय? काढून दिला. 'पूर्वानुभव' या रकान्यासाठी मी वेगळं दीड पान तयार ठेवलं होतं, तेही पुढे केलं. तिने पूर्ण वाचलं, हे मान्य करायला हवं. मग ते बाजूला ठेवलं आणि रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: 'लिहायला वाचायला येतं.'

पेन माझ्या हातात दिलं. सही केली.