पहिल्या हाराचा संदर्भ

३ सप्टेंबर २००७, सोमवार

आजपासून खोट्याशी युद्ध. इंटरनेटवर मराठीत एक मुक्त ज्ञानकोश आहे. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. अर्थात कोणीही वाट्टेल ते लिहून ठेवतो. पंचवटी कारंजाजवळच्या सायबर कॅफेत बसून तासाभरात अकरा लेखांवर ‘संदर्भ हवा’ची पाटी लावली. कॅफेवाला गोरक्ष म्हणाला, शुभांगीताई, तुम्ही काही लिहीत नाही, नुसत्या पाट्या लावता. अडाणी माणूस.

घरात मी पहिली ग्रॅज्युएट, तेही इतिहासात. जबाबदारी आहे.

संकल्प: छापील पुराव्याशिवाय एक ओळसुद्धा मान्य करणार नाही. कोणाचीही असो.

११ सप्टेंबर

आमच्या करंजवाडीवर लेख लिहिला. झेंडू, शेवंती, चंपाषष्ठीला खंडेरावाची जत्रा, एकमेकींना बांधून ओढायच्या बारागाड्या. शेवटी लिहिलं: ‘जत्रेत देवाला पहिला हार घालण्याचा मान पाच पिढ्या सहादू यांच्या घराण्याकडे आहे. तो हार पडल्याशिवाय गाड्या हलत नाहीत.’ सहादू म्हणजे बाबा. प्रिंट काढून घरी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, आमचं नाव कंपुटरात? पुन्हा वाच. तीनदा वाचलं. ऐकता ऐकता आईची भाकरी करपली. तिने त्याचं खापर माझ्यावर फोडलं.

१४ सप्टेंबर

पुण्याचा कोणी ‘निःपक्ष’ नावाचा संपादक आहे. त्याने माझ्या लेखाला पाटी लावली! बाबांच्या ओळीवर. ‘संदर्भ हवा.’ हा कोण टिकोजी?

रात्री ८. विचार केला. माणूस उद्धट आहे, पण नियम नियम आहे. बाबांना पुरावा मागितला. म्हणाले, पुरावा काय, दरसाली घालतो ना हार, समदं गाव बघतं. मी समजावलं, डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही, छापलेलं लागतं. तर म्हणतात, मग छापणाऱ्यानं काय बघून छापलं? ज्यांना पद्धत कळत नाही ते असेच प्रश्न विचारतात.

१५ सप्टेंबर

ओळ काढून टाकली. स्वतःच्या बापाची! निःपक्षने ‘धन्यवाद’ लिहिलं. इतकं निर्मळ आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. घाई काय आहे.

१९ ऑक्टोबर

परवा दसरा. अंगणात झेंडूचा ढीग. आई म्हणाली, सुई-दोरा घे आणि बस. मी म्हटलं, ज्ञानकोशावर हल्ला झालाय. आई म्हणाली, हल्ला तिथं झालाय ना, फुलं इथं सडतायत.

हल्ला खराच. कोणीतरी नाव न देता लिहिलं: ‘पहिल्या हाराचा मान झुंबरअण्णांच्या घराण्याचा आहे.’ झुंबरअण्णा म्हणजे फुलबाजारातले आडते आणि आमच्या देवस्थानचे अध्यक्ष. बाबांच्या मानावर त्यांचा कित्येक वर्षं डोळा. मी ओळ उडवली. पुन्हा आली. उडवली. असं सात वेळा. गोरक्ष कुजबुजला, ताई, अण्णा पलीकडच्याच मशीनवर बसलेत.

तडक त्यांच्याकडे गेले. अण्णांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, पोरी, तुझं म्हणणं तरी काय? मी सर्वांसमोर ठणकावलं, छापील आणा! पुस्तक, स्मरणिका, काहीही. नाव, साल, पानाचा नंबर. आणलंत तर मी स्वतःच्या हाताने लेखात घालीन. अण्णा म्हणाले, एवढंच? आणि हसत निघून गेले.

चांगली जिरवली.

२१ ऑक्टोबर, दसरा

आई फुगली आहे. माळा तिने एकटीने केल्या. माझ्या डिग्रीच्या फोटोलासुद्धा माळ नाही, दारालाच लावली. म्हणे, फोटोला जिवंतपणी घालत नसतात. बरं.

२८ नोव्हेंबर

झुंबरअण्णा स्मरणिका घेऊन कॅफेत आले. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर देवाचा लहान फोटो आणि अण्णांचा मोठा. पान ९: ‘पहिल्या हाराचा मान अनादि काळापासून झुंबरअण्णांच्या घराण्याचा.’ छापखाना त्यांच्या भाच्याचा.

मी कडक तपासणी केली. प्रकाशक: आहे. साल: आहे. पान: आहे. नियमात एकही खोट सापडेना. निःपक्षला विचारलं. त्याने लिहिलं, ‘छापील आहे ना? मग हरकत नाही.’ शब्द दिला होता. घातलं. संपूर्ण लेखात तळटीप असलेली ही एकमेव ओळ. दिसते मात्र सुबक.

गोरक्ष म्हणाला, ताई, बाप विकला तुम्ही. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं आहे.

योजना: बाबांच्या मानाचा इतिहास मी स्वतः लिहून छापून घेणार. जत्रा १५ डिसेंबरला. सतरा दिवस आहेत. भरपूर झाले.

४ डिसेंबर

पुस्तकाचं नाव ठरलं. अर्पणपत्रिका लिहिली. मग लोडशेडिंग.

गुरवांच्या सगुणाबाईंकडे गेले. नव्वदीच्या पुढे वय. पाच पिढ्यांची नावं घडाघडा सांगितली. कोणत्या साली गारपीट झाली आणि पणजोबांनी नागलीच्या कणसांचा हार करून घातला, तेसुद्धा. सगळं लिहून घेतलं आणि त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की हे तोंडी आहे, त्यामुळे वापरता येणार नाही. म्हणाल्या, मंग आली कशाला? चहा ठेवला होता तो उतरवला.

११ डिसेंबर

पुस्तक पुढच्या वर्षी. घाईत सत्य बिघडतं.

१२ डिसेंबर

देवळात मीटिंग. मला बायकांत बसवलं, बाबा पुढे. अण्णांनी माझ्या लेखाचं प्रिंट लॅमिनेशन करून आणलेलं. सभामंडपात खिळे मारून लावलं. म्हणाले, मंडळी, मी म्हणतो म्हणून नाय, इंटरनेट म्हणतंय. आणि लिहिलंय कोणी? आपल्या सहादूच्या पोरीनं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी वळून मला नमस्कार केला. करंजवाडीत पहिल्यांदा एखादा वाद कागदावर सुटला.

बाबा उठून उभे राहिले. टोपी नीट केली आणि बाहेर गेले.

घरी त्यांना समजावलं की यात व्यक्ती हरली तरी पद्धत जिंकली. बाबा म्हणाले, पद्धतीला वाढ जेवायला.

१५ डिसेंबर, चंपाषष्ठी

बाबांनी पहाटे उठून हार केला. दरवर्षीसारखाच, पिवळी शेवंती, मध्ये मरवा, छातीएवढा लांब. कोणी सांगितलं नव्हतं. घेऊन गेले.

पहिला हार अण्णांच्या मुलाने घातला. गाड्या हलल्या. म्हणजे ‘हार पडल्याशिवाय गाड्या हलत नाहीत’ हे माझं वाक्यही चुकीचंच निघालं असतं. काढलं ते बरं झालं.

बाबा हार हातावर घेऊन सांजेपर्यंत पाराशी उभे होते. दुसरा, तिसरा हार घालायला लोक बोलवत होते. गेले नाहीत. घरी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

१६ डिसेंबर, रविवार

कॅफेत गेले. लेख उघडला. लेखच नाही. निःपक्षने काढून टाकला. कारण: ‘गाव उल्लेखनीय नाही. एकमेव संदर्भ खासगी स्मरणिकेचा, तो विश्वासार्ह नाही.’ त्यानेच हरकत नाही म्हटलं होतं! मी लिहिलं, तुम्ही आधी वेगळं म्हणाला होतात. त्याने उत्तर दिलं, ‘संदर्भ?’

एसटीने गावी येऊन धावत देवळात गेले. अण्णांना म्हटलं, तो कागद उतरवा, इंटरनेटवरून ते गेलं. अण्णा म्हणाले, तिथून गेलं असंल. इथं लॅमिनेशन हाय. पाण्यानं पण नाय जायचं.

दुपारी घरी आले. बाबांनी स्टुलावर चढून कालचा हार माझ्या डिग्रीच्या फोटोला घातला होता. काळा गाऊन, हातात पदवी, गळ्यात पिवळी शेवंती. आई ओरडत होती, अहो, काढा ते, अभद्र कुठलं, पोरगी जिती हाय!

बाबा स्टुलावरून उतरले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, कुठं छापलंय?