दुधातून उतरलेला रंग

आई,

तुम्ही मठातून येईपर्यंत मी बाळाला घेऊन धारवाडच्या बसमध्ये बसलेली असेन. काल तुम्ही माझ्या कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं पाकीट बंबात टाकलंत, तेव्हापासून जिवाला चैन नाही. दवाखान्यातून दुसरं मागून आणते.

तुमचा राग मला कळतो. रोज डाळीचं पीठ लावून तुम्ही त्याला न्हाऊ घालता, आणि पोर तांबूस-काळंच होत चाललंय. वर शेजारच्या सरोजाअक्का म्हणतात, "सुनेचा रोग नातवात उतरला." पण तो रोग नव्हे, आई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या औषधाचा रंग अंगातल्या चरबीत, कातडीत साठत जातो आणि दुधातूनही उतरतो. मी काळवंडले ती त्यानंच, आणि बाळही. औषध संपल्यावर दोघांचा रंग निवळेल. वेळ लागेल, पण निवळेल. मध्येच सोडलं तर माझी ही बधिर बोटं वाकडी होतील. मग त्याला उचलू कशी?

"जायचं तर जा, पोराला इथं ठेवून जा," असं तुम्ही काल म्हणालात. म्हणून आज न विचारता त्याला घेऊन निघाले. माफ करा. ह्यांना ऑफिसात फोन करू नका, घाबरतील.

भाकरी आणि झुणका झाकून ठेवलाय. जेवून घ्या, माझ्यावरच्या रागानं उपाशी राहू नका.

संध्याकाळी आम्ही दोघं परत येऊ. दाराला आतून कडी घालू नका.

दीपश्री