बाबांच्या खोलीतल्या फळ्या

सोमवार, ६ जानेवारी
सुकलं! अखेर सुकलं! जवसाचं तेल, पाइनच्या झाडाची राळ, आणि खनिज तेलाचा थेंबही नाही — तरी माझं कोटिंग लाकडाला घट्ट धरून बसलंय. चिकटपट्टी लावून खसकन ओढली, कणही निघाला नाही. लॅबमध्ये एकटीच नाचले. म्हणजे एकटीच आहे असं वाटलं — विभागप्रमुख दारातच उभ्या होत्या. आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी फळी नाकाजवळ नेली आणि तितक्याच वेगाने लांब केली. म्हणाल्या, "हे मासळीबाजारात विकायचंय का?"

मंगळवार, ७ जानेवारी
लाकडी खेळणी करणाऱ्या कारखान्याचे लोक २४ तारखेला येणार. पोरं खेळणी तोंडात घालतात, तेव्हा वास अजिबात चालणार नाही. तोवर गेला नाही तर माझं काम बंद, आणि मी परत दुसऱ्यांचे रंग तपासत बसणार. नको, नको, नको!
फळ्या खऱ्या घरात वाळवून दाखवायच्या, अशी बाईंची अट आहे. लॅबमधला पंखा वास ओढून नेतो, आणि आमची नाकं आता निर्ढावलीत. म्हणून फळ्या घरी आणल्या. आईने स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. धाकट्या भावाने आपल्या खोलीला आतून कडी लावली. उरले बाबा. जन्मभर फर्निचरला पॉलिश केलं, त्या थिनरपायी त्यांचं नाक गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. म्हणाले, "ठेव माझ्या खोलीत. मला काय, वासच येत नाही."
प्रत्येक घरात असा एक तरी माणूस हवा!

शुक्रवार, १० जानेवारी
दुसरी खेप पहिलीपेक्षा भयंकर. शेजारची मांजर सकाळपासून आमच्या दारात ठाण मांडून बसलीय. धाकटा म्हणतो, तिला एक फळी देऊन टाक, बिचारी आशेवर आहे.
आई फोनवर मावशीशी बोलत बसली आणि भात खाली लागला. धाकट्याने नाक मुरडलं, मी दही ओतून निभावलं. बाबांनी मात्र परत मागून घेतला. आईची कळी खुलली.

रविवार, १२ जानेवारी
एवढ्या थंडीत बाबांच्या खोलीची खिडकी सताड उघडी, आणि स्वतः मफलर गुंडाळून गॅलरीत पेपर वाचत बसलेले! आत बसा म्हटलं तर म्हणाले, इथे उजेड बरा आहे. वय झालं की माणूस हट्टी होतो. मी खिडकी लावून घेतली. वाऱ्याने धूळ येऊन बसली असती फळ्यांवर.

बुधवार, १५ जानेवारी
वासाचं मूळ सापडलं बहुतेक! तेल सुकतं म्हणजे त्याचे रेणू हवेच्या जोरावर एकमेकांचे हात धरतात. त्या ओढाताणीत काही तुकडे तुटून सुटतात — तेच घाण वास मारतात. मग हवेवर सोडायचंच कशाला? लिंबात असतं त्या आम्लानेच रेणू जोडले तर? आणि पातळ करायला संत्र्याच्या सालीचं तेल.

गुरुवार, १६ जानेवारी
चिकट. एका फळीला धाकट्याच्या शर्टाची बाही. शर्ट नवा होता.

रविवार, १९ जानेवारी
आजही चिकट. बाथरूममध्ये जाऊन रडले. एवढीशी गोष्ट आणि नाकी नऊ आलेत. बाबा पूर्वी नुसता डबा उघडून सांगायचे, पॉलिश जमलंय की बिघडलंय. त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि बोलून गेले, "तुमचं नाक असतं ना बाबा, तर मला आज किती मदत झाली असती!" बाबांना जोराचा ठसका लागला. मग म्हणाले, चहा टाक.

बुधवार, २२ जानेवारी
आम्ल वाढवलं, वाळायला दोन रात्री दिल्या — आणि सुकलं! कडक! आईने फळी हुंगली. म्हणाली, कसला वास गं? जरासा संत्र्यासारखा येतोय, तोही नीट हुंगलं तरच.
मांजरही निघून गेली.

शुक्रवार, २४ जानेवारी
पसंत!! कारखान्याचे मालक फळी नाकाशी धरून बसले, ठेवेनातच. पहिली खेप बाहुल्यांना आणि गाड्यांना. मोठ्या बाई म्हणाल्या, आता नाच. त्यांच्यासमोर कशी नाचणार? पण नाचले.

शनिवार, २५ जानेवारी
बाबांच्या खोलीतून फळ्या उचलत होते. शेवटची त्यांनी हातातून काढून घेतली. म्हणाले, "ही राहू दे. त्या पहिल्या मासळीपुढे ही म्हणजे अत्तर."
मी विचारलं, वास कधीपासून यायला लागला? झाली की तीन-चार वर्षं, म्हणाले. आणि एवढे दिवस त्या घाणीत झोपलात? "मग? तुला तरी दुसरी जागा कुठे होती?"
स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला.
"आईला सांगू नकोस."